नवव्या दिवशी भरिताला

बोदवडच्या स्टँडवर सकाळी सात वाजता मी उभा होतो, तेव्हा माझ्या खांद्यावर वांग्यांची गोणी होती आणि नाकात ऑपरेशनच्या खपल्या. जड उचलायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. मी उचललं. इथूनच सांगतो, म्हणजे म्हाताऱ्याने आपली चूक लपवली असं पुढे कोणी म्हणायला नको.

मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. हळू लिहितो, पण लिहितो. तरुणपणी जळगावच्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना) हमाल होतो. तिथे माझ्या नाकाचं नाव होतं. गाडीतला कापूस आत ओला आहे की कोरडा, हे मी वासावरून सांगायचो. एकदा गंजीच्या पोटात कापूस धुमसत होता. धूर दिसायच्या आधी मी ओरडलो. शेठने सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेवर मी पुढची सगळी वर्षं ताठ चाललो.

तिथलाच माझा दोस्त हिलाल, शिरपूरकडचा. आता त्याला सगळे नाना म्हणतात आणि मला आबा. दर हिवाळ्यात नानाच्या शेतात भरीत होतं. वांगी माझ्याकडची, हिरवी, भरिताची. जाळायला पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) त्याच्याकडच्या. वांगी भाजली की नाही ते मी वासावरून सांगायचं आणि ठेचायचंही मीच. दुसऱ्या कोणी मुसळीला हात लावायचा नाही. असा आमचा रिवाज.

पण खरं सांगतो, आठ वर्षांपासून मला वास येतच नव्हता. नाकात मांस वाढलेलं. हे मी नानाला सांगितलं नाही. दर वर्षी जाळाजवळ जायचो, मान वर करून दम ओढायचो आणि अंदाजाने म्हणायचो, "झालं. काढा." लोक माना डोलवायचे.

शेवटी घरी एक दिवस दूध उतू जाऊन पातेलं काळं झालं, तरी मी चुलीशेजारी गुमान बसलेलो. कमलने, म्हणजे आमच्या मंडळीने, तेव्हा मला धरून जळगावला नेलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, वास परत येईल असं वाटतंय. पण हळूहळू. तीन आठवडे नाक जपा. वाकू नका, जड उचलू नका, नाक शिंकरू नका. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून शिंका. धूर, धूळ टाळा. आधी घराजवळ चाला-फिरा, मग तपासून बाकीचं बघू." सगळं कागदावर लिहून दिलं.

नानाचं भरीत नवव्या दिवशी होतं. भरिताला जाऊ का, एवढं विचारायचं होतं. मी विचारलं नाही. विचारलं तर नाही म्हणतील, आणि मग जाता येणार नाही. माझं डोकं असं चालतं.

निघताना कमल दारात आडवी उभी. "कुठी चालले गोणी घेऊन? ऑपरेशन नाकाचं झालं, कानाचं नाही. बाईंनी काय सांगितलं ते ऐकू आलं ना?"

"धूर टाळा म्हणजे बिडीचा धूर. मी बिडी ओढतो का?"

"वाकू नका सांगितलं."

"मी आयुष्यात कोणापुढे वाकलो नाही. आता काय वाकतो!"

ती बाजूला झाली. डॉक्टरांचा कागद मी मुद्दाम कोनाड्यात ठेवला.

जळगावला गाडी बदलली आणि चोपड्यावरून शिरपूरला जाणारी धरली. शहर संपलं की दोन्ही अंगांना केळी लागतात. घडांना निळ्या पिशव्या घातलेल्या, बांधाला पानांचे ढीग. तापीच्या पुलावर गार वारा आला. मी उपरणं नाकावर धरलं. तेवढी अक्कल शिल्लक होती.

पूल ओलांडल्यावर शेजारच्या सीटवरच्या बाईने संत्रं सोलायला घेतलं. आणि मला वास आला.

अगदी बारीक. साल फुटते तेव्हाचा, जरा झोंबणारा. आधी वाटलं, भास आहे. मी त्या बाईकडे इतकं टक लावून पाहिलं की ती म्हणाली, "काय बाबा, पाहिजे का फोड?"

"फोड नको माय. साल दे."

"साल खातात का तुमच्या गावाला?"

मागचे लोक हसले. मी साल घेतली आणि नाकाशी धरून बसलो. गेला वास. पुन्हा आला. पुन्हा गेला. आठ वर्षांनी. माझे डोळे भरले, तर ती बाई घाबरली, तिला वाटलं साल डोळ्यात उडाली.

तिथेच मी उतरलो असतो, समोरची गाडी धरून घरी गेलो असतो, तर आज हे लिहायची पाळी आली नसती. पण मला वाटलं, नाक सुधारलं, आता काळजी कसली! आज पहिल्यांदा खरंखुरं वासावरून सांगीन, "झालं, काढा." त्याच नादात चोपड्याला सीटखालून बाहेर घसरलेली गोणी आत ढकलायला वाकलो. कपाळात ठणका उठला. मी दाद दिली नाही.

चोपड्यापुढे उजव्या हाताला सातपुडा सोबत चालतो. निळसर, थकल्यासारखा. शिरपूरला नाना जीप घेऊन उभा होता. मला बघून हात वर केला.

"ऊना का रे भो! (आलास का रे भाऊ!) नाकनी पट्टी कोठे शे?"

"काढली. मी बरा आहे."

त्याने गोणी माझ्या खांद्यावरून उतरवून घेतली. "यंदा ठेचाले दुसरा कोनी बसाडूत (बसवू). तू खाटवर बैस."

"का? मी मेलो का?"

नानाने गोणी जीपमध्ये टाकली. तो माझ्यासारखा नाही. तो ऐकून घेतो.

त्याचं शेत डोंगराच्या पायथ्याशी. बांधावर वीसेक माणसं जमली होती. बायका कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरी थापत होत्या. वांग्यांना तेलाचा हात फिरवून पऱ्हाट्यांवर रचलं आणि जाळ लावला. नानाची सून सुरेखा गावच्या आरोग्य केंद्रात नर्स. तिने लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला खाट टाकली.

"आबा, इथे बसा. इथे धूर येत नाही."

"इथून वास कसा येईल, अक्का?"

मी उठून जाळापाशी गेलो. खाली वाकलो. दम ओढला. काहीच नाही. आणखी जवळ गेलो. धुराचा लोट तोंडावर आला आणि शिंक दाटली. वीस माणसांत तोंड फाकून कसं शिंकायचं? मी तोंड मिटून शिंक आतच दाबली. डोक्यात काहीतरी तटकन तुटल्यासारखं झालं. मी सरळ झालो आणि नेहमीसारखं अंदाजाने म्हणालो, "झालं. काढा."

मग बडगी (ठेचायचं कोरीव लाकडी भांडं) पुढे ओढली. वांगी सोलून तीत पडली, वर मिरच्या, लसूण. मी मुसळी उचलली आणि वाकून ठेचायला लागलो. नाना शेजारी उकिडवा बसलेला. "दे मन्हाकडे," तो हळूच म्हणाला. मी जोरात ठेचायला लागलो.

पहिला थेंब पडला तो मला मिरचीचा तुकडा वाटला. मग दुसरा. मग धारच.

एक बाई किंचाळली. मी मान मागे टाकली, तर सुरेखा धावत आली. "मान मागे नको, आबा! बसा. पुढे झुका. तोंडाने श्वास घ्या. रक्त गिळू नका, थुंका." तिने माझ्या नाकाची मऊ बाजू चिमटीत घट्ट धरली आणि सोडली नाही. आपला टॉवेल माझ्या मांडीवर टाकला. "तुमच्या डॉक्टरांचा नंबर द्या."

नंबर कागदावर होता. कागद कोनाड्यात.

पंधरा-वीस मिनिटं झाली तरी थांबेना. नानाने जीप काढली. निघताना मी पाहिलं, दोन बायका बडगी उचलून बांधापलीकडे नेत होत्या. सबंध भरीत मातीत ओतलं. वीस माणसं त्या दिवशी कांदा आणि मिरचीचा ठेचा यांच्यावर जेवली. कोणी मला शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

शिरपूरला नाकाचे डॉक्टर त्या दिवशी नव्हते, म्हणून धुळ्याला नेलं. तिथे नाकात पट्ट्या कोंबल्या आणि दोन दिवस ठेवून घेतलं. नाना खुर्चीवर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगून टाकलं. नाक बंद, आवाज गेंगाणा, त्यामुळे लाज जरा कमी वाटली.

"नाना, आठ वर्षं मला वास येत नव्हता. मी खोटं सांगायचो."

"माले ठाऊक शे," तो म्हणाला.

मी उशीवरून मान उचलली.

"तू कच्चीच वांगी काढाले सांगस. तुनी पाठ फिरनी का मी परत जायमा (जाळात) टाकस. सुरेखाले भी ठाऊक, बठ्ठासले (सगळ्यांना) ठाऊक."

"मग बोलला का नाहीस?"

"तू येस, हाई बस व्हतं माले (तू येतोस, एवढं पुरे होतं मला). वासनं काय लोणचं घालनं शे?"

मी भिंतीकडे तोंड केलं.

तो मला सोडायला बोदवडपर्यंत आला. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा त्याने खाली उतरून दोन संत्री आणली आणि एक सोलून साल माझ्या हातात दिली. संत्र्याची गोष्ट मीच त्याला सांगितली होती. मी साल नाकाशी धरली. नुसती ओली, गार साल. तो माझ्याकडे बघत होता. या वेळी मी खोटी मान डोलावली नाही.

एकविसाव्या दिवशी जळगावला दाखवायला गेलो. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून आत पाहिलं. मग म्हणाल्या, "आत जखम नव्याने झाली आहे. वास येईल की नाही, आता सांगता येत नाही. काही महिने वाट बघू."

कमलने त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, "बाबा, विचारलं असतं तर मी जा म्हटलं असतं. गोणी दुसऱ्याला उचलू द्या, जाळापासून लांब खाटेवर बसा, ठेचू नका, तिखट बेताचं आणि कोमट खा. एवढंच सांगितलं असतं."

खाट तर सुरेखाने टाकलीच होती.

आता मी कागदाप्रमाणे चालतो. सकाळी मारुतीच्या पारापर्यंत हळू फिरून येतो. मिठाच्या पाण्याने नाक धुतो. पुढच्या हिवाळ्यात मुसळी सुरेखाच्या हातात द्यायची, असं नानाला फोनवर सांगून टाकलं. तो म्हणाला, "मंग तू येशी ना?" येईन म्हणालो.

धुळ्याहून घरी आलो त्या दिवशी कमलने माझं उपरणं धुवायला घेतलं होतं. मी विचारलं, "वास येतो का त्याला?"

तिने नाकाजवळ नेलं आणि तोंड फिरवलं. "धुराचा आणि वांग्याचा भपकारा येतोय नुसता."

"मग धुऊ नको."

ते खुंटीवर आहे. रोज सकाळी फिरून आलो की मी ते काढतो आणि तोंडावर धरतो. कमल स्वयंपाकघरातून विचारते, "आला का?" मी खरं तेच सांगतो. अजून तरी नुसतं कापड आहे.