घरात पास झालेलं जंगल

गाल टेबलाला टेकवायचा, एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्या डोळ्यानं ट्रेमधल्या झाडांकडे बघत राहायचं, ही अण्णांची पद्धत. आम्ही बाकीचे सभासद दोन पावलं मागं सरून, मान तिरकी करून बघणारे. आणि हे साठी उलटलेले गृहस्थ पेपर अवघड गेलेल्या पोरासारखे टेबलावर डोकं ठेवून पडलेले. मग उठायचे, गालाला लागलेली माती झटकायचे आणि म्हणायचे, "बरं दिसायलंय. पण घरात पास व्हायला पाहिजे."

तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, ज्याचं प्रत्येक काम घरी मंजुरीला जातं. आमच्या मंडळात त्यावरून पुष्कळ हशा व्हायचा. त्यात माझा वाटा मोठा होता, हे आधीच सांगून टाकते.

हुबळीत देशपांडे नगरात डॉक्टरीणबाईंच्या मागच्या पडवीत आमचं बोन्साय मंडळ महिन्यातून एका रविवारी जमतं. डॉक्टरीणबाई म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, पण झाडांच्या बाबतीत त्याच डॉक्टर. मी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. जन्मभर फळ्यावर जंगलं काढली, पण रोप म्हणून लावलं ते एकच, तुळशीचं.

एका रविवारी ट्रेमध्ये जंगल कसं करायचं याची कार्यशाळा होती. एकेकटी शोभणार नाहीत अशी रोपं त्यासाठी घेतात. कुणी काटकुळं, कुणाला एकाच बाजूला फांद्या. ती एकत्र लावली की एकमेकांची उणीव झाकतात. डॉक्टरीणबाईंनी नियम सांगितले. झाडं विषम संख्येत हवीत, सगळ्यांत उंच झाड मधोमध नको, आणि कुठलीही तीन झाडं एका ओळीत येता कामा नयेत.

अण्णा त्या दिवशी पहिल्यांदा आले, उणकलहून बसनं. जंगल खात्यात गार्ड होते, नोकरी सगळी अळणावरच्या बाजूला झाली, हे कळल्यावर आम्ही सगळे सावरून बसलो. खरा जंगलातला माणूस! आता आपल्याला काहीतरी बघायला मिळणार.

मिळालंच. अण्णांनी खिशातून एक दोरी काढली, सारख्या अंतरावर गाठी मारलेली. ट्रे आडवा मोजला, उभा मोजला, आणि जेडची, म्हणजे त्या जाड पानांच्या झुडपाची, नऊ रोपं तीन ओळींत तीन-तीन अशी रोवली. तारेनं मुळं बांधली, विटांचा चुरा आणि खत भरलं, आणि समाधानानं हात पुसले.

"अण्णा," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "ही लागवड झाली. जंगल नव्हे."

"बाई, मी जन्मभर हेच केलं की. दोरी धरायची, गाठीला खड्डा, खड्ड्याला रोप." मग जरा ओशाळून म्हणाले, "असू दे. घरात दाखवतो."

पुढच्या महिन्यात ट्रे छातीशी धरून परत आले. "नापास! ही काय शाळेतली प्रार्थना आहे का, म्हणाली."

आम्ही खो-खो हसलो. मी तर बोलूनच गेले, "घरी हेडमास्तरीण आहे वाटतं!" अण्णाही हसले, सगळ्यांत जास्त.

नवी मांडणी करायची म्हणून त्यांनी सगळी रोपं उपटायला घेतली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात धरला. "दर महिन्याला मुळं हलवलीत तर झाडं जगायची नाहीत. एका वेळी एकच हलवा."

"एकच? म्हणजे सात-आठ महिने जाणार की हो!"

"मग? घाई काय आहे?"

अण्णा परत ट्रेकडं वळले. टेबलावर डोकं ठेवून बराच वेळ बघितलं आणि एकच झाड काढलं.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक रविवारची सुरुवात अण्णांच्या निकालानं व्हायची. आम्ही विचारायचं, "काय म्हणाल्या?" आणि अण्णांनी ताजा शेरा सांगायचा. एकदा म्हणाले, "वाट कुठाय, म्हणाली." त्यांनी बारीक वाळूची वाट घातली. पुढच्या वेळी आले ते मान हलवतच. "हायवे झाला म्हणे. वाट ओढ्याकडं वळायला पाहिजे."

"कुठला हो हा ओढा?" मी विचारलं.

"तिच्या माहेरचा. गावाबाहेर रान होतं, रानातनं ओढ्याकडं वाट. ही तिथं लाकडं तोडताना सापडली आणि मी हिचा कोयता जप्त केला." अण्णा चक्क लाजले. "मग परत द्यायला घरी गेलो. तिच्या आईनं चहा केला. पुढचं तुम्हाला कळलंच की."

"आणि ते रान? अजून आहे?"

"साग आहे आता. ओळीत." त्यांनी दोरीची गुंडाळी केली आणि खिशात घातली. "मीच लावलाय. लग्नानंतर चार वर्षांनी. तेव्हापासनं ती माहेरी गेली की त्या बाजूला जायची नाही."

त्या दिवशी कुणी चेष्टा केली नाही. पण बाई भारीच हट्टी दिसते, हे माझं मत काही बदललं नाही. नवऱ्यानं किती वर्षं प्रायश्चित्त घ्यायचं?

पावसाळा संपताना अण्णा एका रविवारी आले नाहीत. त्यांना ट्रेवर अंथरायला शेवाळ हवं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चला, देऊन येऊ. उणकलला तळ्यामागच्या नव्या वस्तीत दुसऱ्या मजल्यावर मुलाचं घर. दार अण्णांनीच उघडलं. हातात पातळ भाताची वाटी होती.

खिडकीशी पलंग, पलंगावर त्यांची बायको. अर्धांगाचा झटका येऊन दोन वर्षं झालेली. मान एका बाजूला कललेली, ती वळत नव्हती. उशीच्या समोर स्टूल आणि स्टुलावर ट्रे. ट्रेचा काठ बरोबर उशीच्या उंचीला. मी ते स्टूल बघितलं, उशीवर टेकलेला तो गाल बघितला, आणि आमच्या टेबलावर टेकणारा अण्णांचा गाल मला आठवला. इतके महिने आम्ही हसत होतो.

"बसा," त्या म्हणाल्या. शब्द जड येत होते, पण आवाजात दम होता. "हेडमास्तरीण म्हणालात म्हणे मला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काहीतरी पुटपुटायला लागले, तर त्या अर्ध्या तोंडानं हसल्या. "खरंच आहे की. ह्यांना कुणीतरी शिकवायला पाहिजेच होतं."

"इथनं बघा, बाई," अण्णा म्हणाले.

मी गुडघ्यावर बसले आणि पलंगाच्या कडेला गाल टेकवला. वरून बघितलं तर नऊ रोपांचा नुसता घोळका होता. तिथून ते रान होतं. जवळचे बुंधे जाड, लांबचे बारीक, आणि वाट अगदी आपल्या पायापासून निघून आत गेलेली. फक्त वळणावर एक झाड आडवं येत होतं.

"ते दांडगं झाड सरकलं की ओढा दिसेल," मागून त्या म्हणाल्या. ट्रेमध्ये ओढा नव्हताच. तरी मला ते पटलं.

परतताना तळं मागं पडलं, चौक आला, तेव्हा डॉक्टरीणबाई थांबल्या. मग म्हणाल्या, "घाई काय आहे, असं मी विचारलं होतं त्यांना." मी त्यांचा हात धरला.

पुढच्या महिन्याच्या रविवारी अण्णा ट्रे न घेताच आले.

"काय निकाल?" सवयीनं कुणीतरी विचारलं.

"पास."

आम्ही टाळ्या वाजवल्या. अण्णा खाली बघत होते. "काल सकाळी ते झाड सरकवलं. तिनं लई वेळ बघितलं. मग म्हणाली, माझ्या चपला काढा." त्यांनी गालावरची नसलेली माती पुसली. "दोन वर्षांत तिनं चपला मागितल्या नव्हत्या, बाई."

"मग?"

"काढल्या की. पुसून पलंगाखाली ठेवल्यात."

मी उठून नळाशी गेले आणि उगाचच हात धूत राहिले. मला रडू येत होतं.

महिन्याभरात त्या गेल्या.

मंडळाच्या प्रदर्शनाला अण्णांनी ट्रे आणला तो डॉक्टरीणबाईंच्या आग्रहावरून. बाहेरगावचे परीक्षक आले. उभ्याउभ्या बघून म्हणाले, उंच झाडानं मागची दोन झाकली आहेत, मांडणी एकीकडे कलली आहे, वाटेला तर अर्थच नाही. डॉक्टरीणबाई तावातावानं पुढं झाल्या. "साहेब, जरा खाली वाकून बघा—"

अण्णांनी त्यांना थांबवलं. "असू दे, बाई. घरात पास झालंय."

आता अण्णा हुबळीत नाहीत. अळणावरजवळ भावाकडे जाऊन राहिलेत. जायच्या आदल्या दिवशी ट्रे माझ्या घरी आणून दिला. मी म्हटलं, अण्णा, हा तुमच्याकडंच ठेवा. तर म्हणाले, "तिकडं तिच्या रानात सागाच्या ओळी हायत की. मध्ये चार झाडं वाकडी लावायची म्हणतोय. बघू, कुणी उपटली नाहीत तर." मी ट्रे पलंगाशी, उशीच्या उंचीला ठेवून घेतला.

त्यांच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं होतं, त्या गाठींच्या दोरीनं बांधलेलं. त्यात काय आहे ते मी विचारलं नाही. जिना उतरताना कागद एका कोपऱ्यात फाटला, आणि आतल्या चपलेचा अंगठा दिसला.