मोहाखालची इंग्रजी

इंग्रजीतल्या गेट या क्रियापदावर माझा राग आहे, आणि तो आजचा नाही. एकटं असतं तेव्हा ते मिळणं, आणणं, होणं अशी साधी कामं करतं. मागे अप, ऑफ, ओव्हर, बाय असला एखादा बारका शब्द येऊन उभा राहिला की साफ पालटतं. गेट अप म्हणजे उठणं, गेट ऑफ म्हणजे उतरणं, गेट बाय म्हणजे कसंबसं भागवणं. का, असं विचारायची सोय नाही. बी.ए.च्या पहिल्या वर्षी हिवाळी परीक्षेत माझा इंग्रजीचा पेपर राहिला तो याच भानगडीत. उन्हाळ्यात पुन्हा राहिला तर कॉलेज बंद, असं बाबांनी सांगून ठेवलं होतं. गावाहून ब्रह्मपुरीला जीपमध्ये लोंबकळत जायचं आणि वर नापास व्हायचं, हे त्यांना पटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही पटत नव्हतं.

पण उन्हाळी परीक्षा आणि मोहफुलं एकाच वेळी येतात. मोहाचं झाड कुणाची परीक्षा बघत नाही. पहाटे फुलं टपटप गळायला लागतात. उजाडल्यावर गेलं तर गुरं, रानडुकरं खाऊन जातात. म्हणून अंधार जरा फिकट झाला की सगळं गाव टोपल्या घेऊन जंगलात. झाडं ठरलेली असतात, ज्याच्या घराण्याचं झाड त्यानंच वेचायचं. आमची दोन होती, मधे करवंदीची जाळी आणि एक छोटा नाला. एका झाडाखाली माय, दुसऱ्याखाली मी. एकमेकींना दिसायचो नाही, ऐकू मात्र यायचो.

ऐकू येणं महत्त्वाचं होतं. वाकून वेचणारं माणूस जनावराला माणूस वाटत नाही, चितळ वाटतं. आमच्याकडे जंगलात असताना वाघाला वाघ म्हणत नाहीत, जनावरच म्हणतात. त्यामुळे मोह वेचताना कुणी गप्प राहायचं नाही, हा शिरस्ता. कुणी डबा वाजवतं, कुणी उगाच खाकरतं, कुणी मोबाइलवर गाणी लावून ठेवतं. मायला मोबाइलचा भरवसा नव्हता. मोबाइल आपल्या मनानं वाजत राहतो, माणूस आहे की गेलं ते त्याला काय कळतं, असं ती म्हणायची. तिला हाकेला हाक लागायची. एकीनं बोलायचं, दुसरीनं उत्तर द्यायचं. उत्तर आलं म्हणजे माणूस जागेवर आहे.

दरवर्षी आम्ही गावातल्या लग्नांबद्दल ओरडून बोलायचो. त्या वर्षी मी गेट घेतलं. मी इकडून ओरडायची, "गेट अप!" तिकडून माय, "उठनं!" "गेट ऑन!" "चढनं!" ती चौथीपर्यंत शिकली होती. इंग्रजीची मुळाक्षरंही तिला धड येत नव्हती, पण कानानं ऐकलेलं ती विसरायची नाही. आठवडाभरात माझ्यापेक्षा तिचं जास्त पाठ झालं. पलीकडच्या झाडाखालची काकू हसायची, "काय व, इंग्रजी आयकून जनावर पळते काय?"

"पळते नाई त काय," माय म्हणायची. "माही पोरगी पळून राह्यली होती, त जनावर काऊन नाई पळन?"

टिप्पण्याही चालायच्या. गेट अलॉन्ग म्हणजे जमवून घेणं, हे सांगितल्यावर ती म्हणाली, "तुह्या बापासंगं मी एवढी वर्सं तेच करून राह्यलो." गेट बाय तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही, इतक्या लवकर बसलं. शेवटी तिनं निकाल दिला, "हे गोरे लोक लय कंजूस दिसतेत. एकच शब्द घेतला अन् त्यालेच इकडून तिकडून ठिगळं लावून सारं आयुष्य भागवलं." मी इतकी हसले की टोपलीतली फुलं सांडली. ते दिवस चांगले होते. हे लिहिताना मला त्याची लाज वाटत नाही.

तिचा एक हट्ट होता. एखादा अर्थ आठवला नाही तर ती 'येत नाही' म्हणायची नाही. गप्प राहून आठवत बसायची. मी सांगायला गेले तर चिडायची, "थांब न व, मी सांगतो न!" आणि बराच वेळ गेला तरी शेवटी बरोबर सांगायचीच. मग तिच्या आवाजात जो तोरा असायचा तो ऐकायला मलाही आवडायचं.

परीक्षा तोंडावर आली तशी मी अवघड पानावर गेले. गेट अक्रॉस म्हणजे आपलं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोचवणं. संध्याकाळी चुलीपुढे तिला सांगितलं, तर तिचं सारखं 'पलीकडं जानं' होत होतं. चारदा चुकली. भाकरी थापता थापता हात थांबवून म्हणाली, "उद्या मोहाखाली विचारजो. अन् सांगू नोको. मीच सांगतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखंच सुरू झालं. उठणं, चढणं, उतरणं, परत येणं, सगळी उत्तरं धडाधड आली. फुलं खूप पडली होती. मग मी विचारलं, "गेट अक्रॉस!"

उत्तर आलं नाही.

मी हसले. आठवते आहे, म्हटलं. वेचत राहिले. जळक्या पाचोळ्याच्या राखेत फुलं पिवळीधमक दिसत होती. वानरं ओरडली नाहीत, पाखरं उडाली नाहीत, काहीच झालं नाही. मी पुन्हा ओरडले, "गेट अक्रॉस, माय!" आणि पुन्हा थांबले. मी तिला वेळ दिला. तिला तो हवा असतो, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. माझी टोपली अर्धी भरली. मग मी ओरडले, "सांगून देऊ काय?"

यावर ती चिडायला हवी होती. ती चिडली नाही.

मी नाला ओलांडून गेले. झाडाखाली टोपली सरळ उभी होती, एक फूल सांडलेलं नव्हतं. जागा साफ व्हावी म्हणून पाला जाळून आम्हीच राख केली होती. त्या राखेत जाळीकडे गेलेला ओढल्याचा पट्टा होता. मी ओरडले तो आवाज कसला होता ते मला आठवत नाही. काकू आली, माणसं डबे बडवत आली, मला धरून ठेवलं. नाल्याच्या वरच्या अंगाला ती सापडली. मला तोंडच दाखवलं, बाकी लुगड्यानं झाकलेलं होतं.

वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला. जो तो एकच विचारत होता, "ओरडली नाई काय?" मी नाही म्हणत होते. तिला ओरडायला वेळच मिळाला नसणार, असं एका वनरक्षकानं सांगितलं. मान धरतो, म्हणाला, आवाज फुटत नाही. सगळं उत्तर न आलेल्या पहिल्या हाकेआधीच संपलं असेल, तुम्ही धावत गेला असतात तरी उपयोग नव्हता, असंही म्हणाला. तो चांगला माणूस होता. त्याचं खरं असेल. माझं मन मात्र त्या अर्ध्या टोपलीपाशी अडकलं आहे आणि तिथून ते हलत नाही.

बाबांनी मला स्वतः जीपमध्ये बसवून पेपरला पाठवलं. त्यांनी एवढंच म्हटलं, "जा. तिनं पाठ केलं होतं ना." मी पास झाले. पुढे इंग्रजीतच शिकले, आणि आता त्याच विषयावर पोट भरते. तालुक्याच्या एका शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. गेट दरवर्षी येतं.

मागच्या महिन्यात मुख्याध्यापक माझ्या तासाला मागे येऊन बसले होते. तास संपल्यावर बाजूला बोलावून म्हणाले, "मॅडम, शिकवता छान. पण प्रश्न विचारता आणि लगेच उत्तरही तुम्हीच देऊन टाकता. मुलांना विचार करायला थोडा वेळ द्या. गप्प बसलेलं मूल म्हणजे विचार करणारं मूल असतं." मी मान हलवली. ते बरोबरच बोलत होते, पुस्तकांतही तसंच लिहिलेलं असतं. पण वेळ मी देत नाही. प्रश्न विचारल्यावर वर्ग शांत झाला की कुणी काही बोलायच्या आत मीच उत्तर सांगून टाकते.