अकोल्यात उन्हाची टंचाई

अकोल्यात राहणाऱ्या माझ्या बायकोच्या अंगात ऊन कमी निघालं.

रिपोर्टमध्ये ‘ड जीवनसत्त्व’ असं लिहिलं होतं. अर्थ मी लावला. सुनंदाची थायरॉइडची गोळी पाच वर्षांपासून चालू आहे, तरी हाडं दुखायची, थकवा जाईना. डॉक्टर म्हणाले, “थायरॉइड कमी असलेल्या बऱ्याच जणांत हेही कमी सापडतं. आठवड्याला एक पुडी घ्या, सकाळी थोडं उन्हात बसा.”

“अकोल्यात ऊन कमी?” मी हसलो. “डॉक्टरसाहेब, इथं डांबर वितळते!”

“डांबर रस्त्यावर असते,” सुनंदा म्हणाली. “मी सैपाकघरात असते.”

उन्हाची जबाबदारी मी जाहीरपणे अंगावर घेतली. दुसऱ्याच सकाळी गच्चीवर चटई टाकली, जुन्या साड्यांचा आडोसा बांधला, तिला बसवलं. “वीस मिनिटं हालाचं नाही!” असा दम दिला आणि खाली आलो. घरात वानरं शिरू नयेत म्हणून जिन्याच्या दाराला सवयीनं कडी घातली. (वानरं शिरली नाहीत, हे नमूद करतो.) अमरावतीला एका कार्यालयात कागद द्यायचे होते. टेबलावरचा मोबाइल खिशात टाकला आणि धावत एसटी गाठली.

गाडीत शेजारच्या काकांना ड जीवनसत्त्वावर व्याख्यानच दिलं. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांची हाडंही दुखायला लागली!

“मंग वयनी बसतात का उन्हात?” त्यांनी विचारलं.

“बसतात म्हंजे? आज मी सोता बसवलं अन्...” मी सीटवरून ताडकन उठलो.

“काहून जी, काय झालं?”

“कडी!”

सुनंदाला फोन लावला. तो माझ्याच दुसऱ्या खिशात वाजला!

मूर्तिजापूरला उतरलो, मिळेल त्या गाडीत लोंबकळत घरी पोचलो. सूर्य डोक्यावर आला होता. वर धावलो. कडी तशीच. दार उघडलं, तर चटई रिकामी! मी कठड्यावरून खाली डोकावलो.

“सुनंदे!”

“वरडू नका, भाऊ!” शेजारच्या गच्चीवरून रेहानाभाभींचा आवाज आला. “वयनी इथंच हायेत. मीच मधल्या भिंतीवरून घेतलं त्यायले.”

मिरच्या वाळत घातलेल्या, छत्रीची सावली, आणि सुनंदा मजेत शेवया खात बसलेली. मला पाहून म्हणाली, “वीस मिनिटं झाले काय?”

मी भिंत ओलांडून माफी मागायला गेलो आणि भाभींसमोर चक्क रडलो.

“रडून काहून राहिले?” सुनंदानं पदरानं माझा घाम पुसला. “बसा, पाणी प्या. भाभी, यायले बी शेवया द्या.”

तेव्हापासून रोज सकाळी दोघी आपापल्या गच्चीवर बसून गप्पा मारतात. पुड्याही नेमानं झाल्या. तीन महिन्यांनी रिपोर्ट सुधारला. मी छाती फुगवून डॉक्टरांसमोर बसलो. सुनंदानं सगळी हकिकत सांगितली. डॉक्टर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

“मग आता उपचारात यांची काय मदत?” त्यांनी विचारलं.

“मोठी मदत हाय,” सुनंदा गंभीरपणे म्हणाली. “थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्या लागते ना? ती घेतल्यावर अर्धा घंटा हे चहा मांगत नाहीत.”

“उत्तम! एवढंच करत जा,” डॉक्टर म्हणाले.

एवढंच करतो. पंचविसाव्या मिनिटाला मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून खोकतो!