गाडीच्या आधी गाडीवाला

विमलताई आधी गाडीचं बॉनेट उघडत नसत, आधी गाडीवाल्याला उघडत. कार्ले फाट्यावर जुन्या हायवेच्या कडेला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. पाटीवर 'रेडिएटर व कूलिंगची कामे' एवढंच. वाफ सोडत आलेली गाडी बाहेर सावलीत लावायची, चावी ताईंच्या हातात द्यायची आणि मालकाने आतल्या बाकावर बसायचं. मग अर्धा तास उलटतपासणी. चढाला तापली का सपाटीला? एसी चालू होता? पाणी कुठलं घातलं, नळाचं का बोअरचं? "इंजिन निवायला अर्धा तास लागतोच," त्या म्हणायच्या, "तवर मालकाला तापवायचा."

ताईंना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्या बाकावर बसून गेलेल्यांत सगळ्यात लबाड कोण, असं कुणी त्यांना विचारलं असतं, तर त्यांनी क्षणभरही न थांबता माझं नाव घेतलं असतं.

मी वडगावच्या कोर्टाबाहेर बसणारा नोटरी. 'वरील मजकूर खरा आहे' याखाली दिवसभर शिक्के मारतो. पंचेचाळिशी उलटल्यावर माणसाला काय सुचेल ते सांगता येत नाही. मला स्पोर्ट्स कार सुचली. लोणावळ्याचा एक बंगलेवाला आपली विकायला निघाला होता. लाल, दोन दारांची, टर्बोची, आणि इतकी बुटकी की उतरताना आधी हात जमिनीला टेकवावा लागे. बायकोने गाडीला ओवाळलं आणि विचारलं, "हिच्यात बसून कोर्टात जाणार का सर्कशीत?"

दसऱ्याला मी गाडीच्या रुंद जबड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत झेंडूचा जाडजूड हार बांधला, मधे आंब्याचे डहाळे खोवले आणि लोकांना दिसावं म्हणून हायवेवर जोरात फेरी मारली. परत आलो तेव्हा नुसता दोरा उरला होता. फुलं वाऱ्याने उडाली असतील, असं समजून मी सोनं वाटायला गेलो.

आठवड्याभरात खोपोलीहून घाट चढताना काटा लाल रेघेवर गेला. गाडी कडेला घेतली तर पुढून वाफेचा लोट. सहलीला निघालेली दोन कुटुंबं थांबून मोबाईलवर माझं शूटिंग करू लागली. आता हिरोसारखं काहीतरी करणं भाग होतं. मी नॅपकिन धरून पाण्याच्या टाकीचं झाकण फिरवलं, हात भाजून घेतला, आणि बर्फाच्या डब्यातल्या गारढोण पाण्याच्या दोन बाटल्या तापलेल्या इंजिनात ओतल्या. आतून 'टक्' असा आवाज आला. तो मला स्पष्ट ऐकू आला. तो ऐकलाच नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

गाडी टो करून पुण्याच्या एका काचेच्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या सल्लागार पोरसवदा साहेबांनी टॅबलेटकडे बघत सांगितलं, "हेड गॅस्केट गेलंय सर. इंजिनच बदललेलं बरं." मी हादरलो. दोन दिवस मागून घेतले आणि गाडी कार्ले फाट्यावर आणली. ताईंनी ती पाहिली, मग मला पाहिलं. "बसा बाकावर."

"तापली तवा काय केलं?"

"बाजूला घेतली. वाट बघितली."

"झाकण उघडलं?"

"छे."

"पाणी वतलं?"

"नाही हो ताई. एवढं कळतं मला."

माझा भाजलेला हात मी खिशात घातला. ताई जरा जास्तच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग "शिक्का असल्याला माणूस, खोटं कशाला बोलंल," असं स्वतःशीच म्हणत उठल्या.

"गर्दीत उभी असताना तापती?"

"नाही. पळवताना. चढावर तर नक्कीच."

"मग पंखा बरा हाय. पाणी बी फिरत आसंल. वारं आडलंय कुटंतरी." पोतं अंथरून त्या गाडीच्या नाकाखाली शिरल्या. टर्बोच्या गाडीत पुढे एकामागे एक तीन जाळ्या असतात: टर्बोची गरम हवा थंड करणारी, एसीची, आणि शेवटी रेडिएटर. त्यांच्या फटीत ताईंनी बांबूची काडी घातली आणि काळपट लगदा ओढून काढला. हुंगला. माझ्या तळहातावर ठेवला. कुजलेला झेंडू, मधे आंब्याच्या पानाचा देठ.

"वकीलसाहेब," ताई म्हणाल्या, "पूजा केली व्हती का अंत्यविधी?"

पाटीभर निर्माल्य निघालं. मग त्यांनी इंजिन चालू ठेवून टाकीच्या तोंडाशी डोळा लावला आणि पाव तास पापणी न हलवता बसून राहिल्या. इंजिनाच्या डोक्याखालचं, म्हणजे हेडखालचं, गॅस्केट फाटलं असेल तर धूर पाण्यात शिरतो आणि टाकीत बुडबुडे येतात. एकही आला नाही.

बुडबुड्यांशी त्यांची जुनी ओळख. भाजे गावातल्या घरातून रोज तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात जायच्या. वीस वर्षं रेडिएटर पाण्यात बुडवून कुठून हवा सुटते ते बघण्याचं काम केलं. एकदा एका अख्ख्या खेपेत बारीक बुडबुडा दिसला. सुपरवायझर म्हणाला, "वाऱ्याचा असेल, ओके मारा." ताई म्हणाल्या, "वारं तुमच्या डोक्यात हाय." त्याने पुन्हा सांगितलं. ताईंनी ओकेचा शिक्का टाकीत सोडला आणि गेटबाहेर आल्या. वर त्याला सांगून आल्या, "बुडबुडा खोटं बोलत न्हाई, तुमी बोलता. मी दोगांचं कसं ऐकू?" त्यानंतर हे दुकान. इंजिनाचं, ब्रेकचं काम कुणी आणलं तर त्या हाकलून देत. "माजं फक्त पाणी. बाकीचं ज्याचं त्याला."

तर ताईंनी बिलबुकाच्या पानावर गोलगोल अक्षरात लिहून दिलं: 'वारा अडला होता. गॅस्केट चांगले आहे. इंजिन उतरवू नये. विमल.' मी ती चिठ्ठी घेऊन पुण्याला गेलो आणि चारचौघांसमोर काउंटरवर आपटली. सल्लागारसाहेबांना सल्ला देण्याची संधी वकील कधी सोडतो?

पुढच्याच रविवारी घाटात काटा पुन्हा लाल रेघेवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गार असतानाच ताईंनी वरचा रबरी पाईप दाबून पाहिला. रात्रभर थंड झालेला पाईप लाकडासारखा टणक होता, म्हणजे आत दाब कोंडून राहिला होता. त्यांनी मला सीटवर बसवून गाडी कार्ल्याच्या चढावर घ्यायला लावली, टर्बोचा जोर लागेपर्यंत. परत येऊन झाकण सैल केलं तर टाकी भजी तळल्यासारखी बुडबुडत होती. ताईंचा चेहरा उतरलेला मी तेवढ्या एकाच वेळी पाहिला. त्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"परत इचारते. गार पाणी वतलं व्हतं?"

"दोन बाटल्या," मी म्हणालो. "बर्फातल्या."

ताई एकदम अहोजाहोवरून खाली आल्या. "आरं, मग तवाच सांगायचं की. तापल्या हेडवर गार पाणी म्हंजे ते वाकणारच. बारीक वाकलंय, म्हून उभ्या गाडीत कळंना, जोर आल्यावर फुटतंय. मला ठावं आसतं तर मी तवाच चढाला नेली आसती."

"ताई, चूक माझी. मी वर्कशॉपला फोन करून काहीतरी सांगतो."

"काय सांगशील?"

"की चिठ्ठी माझ्याच आग्रहाने दिलीत वगैरे."

"सही तुजी हाय का माजी?"

दुकानाचं शटर ओढून त्या माझ्यासोबत निघाल्या. गाडी वाटेत चार वेळा थांबवून निववावी लागली. सोमाटण्याच्या पुढे थांबलो तेव्हा मी म्हणालो, "तुम्ही नाही आलात तरी चालेल. ते हसतील." ताई म्हणाल्या, "हसू दे की. त्यांच्या हसण्यानं माजं दुकान चालतंय का?"

एसीतल्या त्या काचेच्या खोलीत त्या तेलकट साडीत सरळ काउंटरपाशी गेल्या. "गॅस्केट गेलंय. तुमचं बराबर, माजं चुकलं."

सल्लागारसाहेब हसण्याच्या तयारीत होते, ते थांबले.

"पर का गेलं ते तुमी इचारलं न्हाई. पुडं पाटीभर झेंडू कुजला व्हता. नवं इंजिन बसवलं आसतं तर ते बी पयल्या घाटात तापलं आसतं. आन् इंजिन बदलायचं कारणच न्हाई. हेड उतरवा, पट्टी लावून बगा. वाकलं आसंल तर घासून घ्या. तडा दिसला तरच पुडचं बोला. उतरवाल तवा मी हितं हजर राहनार."

साहेबांनी आतून मोठ्या साहेबांना बोलावलं. मोठे साहेब ऐकून घेऊन म्हणाले, "तसं बघू." पंधरा दिवसांनी खरोखर पाहिलं, ताई शेजारी उभ्या असताना. हेड केसभर वाकलं होतं, तडा नव्हता. तेच इंजिन घेऊन गाडी आजही घाट चढते.

पण त्या दिवशी काउंटरवर अजून एक गोष्ट उरली होती. सल्लागारसाहेबांनी फायलीतून ताईंची चिठ्ठी काढली आणि भल्या मनाने पुढे केली. "मॅडम, ही घेऊन जा. आमच्याकडे काही आलंच नव्हतं असं समजू."

"आलं व्हतं की," ताई म्हणाल्या. "पेन द्या."

आणि आपल्याच सहीखाली त्यांनी सावकाश लिहिलं: 'वरचे निदान चुकले. गाडीवाला खोटे बोलला. तरी मी चढावर तपासायला पाहिजे होते.' सही केली. मग कागद माझ्यापुढे सरकवला. "वाच आन् तू बी सही कर."

मी वाचलं. आजूबाजूला चार गाडीवाले कॉफी पीत होते. मी हळूच म्हणालो, "ताई, 'खोटे बोलला'च्या जागी 'माहिती अपुरी दिली' असं केलं तर?"

"बाटल्या अपुऱ्या वतल्या व्हत्या का?"

मी सही केली.