रक्तवाढीची गोळी

मी माझ्या भाचीला फसवलं. मग दवाखान्याला फसवलं, आणि दोष तिच्या माथी मारला. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत हातगाडीवर भाजी विकत विकत मी मार्केट यार्डातल्या गाळ्यापर्यंत आलो. भाव पाडल्याशिवाय मी काही घेत नाही — अशी माणसं तुम्ही पाहिली असतील. बहीण आणि मेहुणे एचआयव्हीने गेले. पोरीला तो जन्मापासूनच; ती माझ्याकडे आली. तिचं नाव लिहीत नाही. तेवढा हक्क मला उरलाय का?

रोजची गोळी कशाची, असं ती विचारायची. मी सांगितलं, रक्तवाढीची. सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक ताई मागे लागल्या — आता तिला खरं कळायला हवं. त्यांच्याशीही मी घासाघीस केली. सातवी होऊ द्या. मग, दहावी होऊ द्या. शेवटी वैतागून ताईंना खोटंच ठोकून दिलं — सांगितलं तिला सगळं. त्या बाईंवर माझा अजून राग आहे. का? त्यांचं बरोबर होतं म्हणून — दुसरं काय?

दहावीत शाळेत रक्त तपासलं. हिमोग्लोबिन उत्तम निघालं. पोर हुशार — रक्त भरलं, मग गोळी कशाला? मला न सांगता तिने ती बंद केली.

दिवाळीनंतर ताप, खोकला, मग टीबी. पोर अंथरुणाला खिळली. जरा चालायला लागल्यावर ताईंनी आम्हा दोघांना समोर बसवून विचारलं, गोळ्या का सुटल्या? ती तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "आजकालची पोरं, ऐकतात कुठे?" मग ताई तिच्याशी बोलू लागल्या — तिला ठाऊकच आहे असं समजून — आणि त्यांनी आजाराचं नाव घेतलं.

ती ते पहिल्यांदाच ऐकत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाली, "माझंच चुकलं, ताई. कंटाळा केला."

माणसं पारखण्यात माझं आयुष्य गेलं. असं माणूस मी पाहिलं नव्हतं — आणि ते माझ्याच घरात वाढत होतं. पंधरा वर्षांची पोर! एवढं मोठं मन तिने आणलं कुठून?

रिक्षाने घरी निघालो. द्वारका चौकातल्या सिग्नलला तिने विचारलं, "मामा, हे माहीत असून तुम्ही माझं उष्टं खायचात?"

मी हो म्हणालो. झालं, माझं खोटं फिटलं — असं मी मनाशी धरलं. किती सोयीचं!

आता ती बरी आहे, कॉलेजला जाते. दवाखान्यात नव्या पोरांपुढे उभी राहून सांगते — मी आळस केला, तुम्ही करू नका. पोरं मान डोलावतात. त्यांना घरी भलतंच काही सांगून आणणारी मोठी माणसं मागे निवांत उभी असतात. मीही त्यांच्यातच असतो.

तिने आळस केला नव्हता. तिने माझं ऐकलं होतं. याचा जाब कुणीतरी द्यायलाच हवा — तो मी द्यायचा आहे. तिला विचारू नका.