न सांगता ठेवलेलं दळण

आता हसणार न्हाय असा शब्द द्या, तरच सांगतो. जमत आलेलं लग्न म्या माझ्या हातानं मोडलं, ते बी लोकांचं भलं करायच्या नादात!

बेंबळीत आबांची, म्हंजे माझ्या चुलत्याची, इंजिनावरची नवी गिरणी. बाया डबा ठेवायच्या अन् निघून जायच्या. बारीक का जाड, सांगतंय कोण? आबांचा नेम साधा, "काय न सांगणाऱ्याला मधलं दळायचं. दगड सैल, इंजिन सावकाश."

आबा आठ दिवस उमरग्याला गेले अन् गिरणी माझ्या ताब्यात आली. म्हणलं, मधलं कशाला? लोकांना उत्तमच द्यावं! दगड आवळायचं चाक गच्च फिरवलं, इंजिन फुल्ल सोडलं, चाकावर तांबड्या रंगानं खूण केली. सगळ्या गावाचं दळण त्याच खुणेवर. पीठ हाताला चटका देत बाहेर यायचं. मला वाटायचं, ताजं हाय!

चार दिवसांत गावभर भाकऱ्या मोडायला लागल्या. सासवा म्हणाल्या, सुनांचा हात कच्चा. म्या बी गिरणीत बसून मान डोलावली, "खरंय काकू, आजकालच्या पोरी!" आमच्या घरी कळणार कसं? आई जात्यावरच दळायची. इंजिनाच्या पिठाला म्हणं घासलेटाचा वास येतो.

त्याच आठवड्यात पोरगी बघायला गेलो. कौसल्या. गावातच मामाकडं राहायची, सातवी शिकलेली. मला लई आवडायची, आता लपवून काय करू?

मामी कौतुकानं म्हणाल्या, "आमच्या पोरीची भाकरी तर बघा."

पहिली थापतानाच मोडली. दुसरी तव्यावर टाकताना. पोरीच्या डोळ्यांत पाणी. गप बसावं का न्हाय माणसानं? पण गिरणीवाला ना म्या! म्हणलं, "पीठ तर झकास दिसतंय. हातच जरा..."

"पीठ तुमच्याच गिरणीचं हाय," ती म्हणाली अन् काठवट माझ्यापुढं सरकवली. "थापा तुमीच."

थापली. तिच्या भाकरीचे दोन तुकडे झाले व्हते, माझ्या भाकरीचे सात.

मामांनी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. "अरं, जाळलंस की! विरीच गेली सारी, चिकटपणाच न्हाय, भाकरी धरंल कशी? एवढं आवळाय कुणी सांगितलं?"

"कुणीच न्हाय," म्या म्हणलं. "म्हणून तर आवळलं."

दोन दिवस निरोपाची वाट बघितली. निरोप न्हाय, कौसल्याच्या घरनं दळणाचा डबा आला. झाकणावर खडूनं, वळणदार अक्षरात: "शहाणपण न लावता दळणे."

कौसल्या लग्न होऊन ढोकीच्या मास्तरांच्या घरी गेली. परत आल्यावर आबांना मात्र ते वाक्य इतकं पटलं, की त्यांनी ते गिरणीच्या दारावर लिहून घेतलं. मलाच लिहाय लावलं. तांबडा रंग उरलाच व्हता.