एमएस्सी की एमटेक

यीस्टच्या कारखान्यात ती उमेदवारी करायची, आणि भिंगरी हे तिचं तिथलं नाव. पोरीच्या पायांना विश्रांती म्हणून नव्हती, आणि त्या दिवशी तर ती एका जागी उभीच राहीना. जैवतंत्रज्ञानाच्या एमएस्सीला आणि एमटेकला, दोन्हीकडे तिचा नंबर लागला होता; एकीकडे सूक्ष्मदर्शक, दुसरीकडे टाक्या आणि यंत्रं. संध्याकाळी पाचच्या आत त्यातली एकच जागा पक्की करायची होती. दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याचं जे व्हायचं, तेच तिचं झालं होतं.

बाबांपुरता प्रश्न कधीच सुटला होता. ते शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक. तीस वर्षं सूक्ष्मदर्शक पुसले, पण बघणारे नेहमी दुसरेच. लेकीला ते लहानपणापासून ‘शास्त्रज्ञबाई’ म्हणायचे. एमएस्सीशिवाय दुसरं काही त्यांच्या कानांत शिरत नव्हतं, आणि त्यांना दुखवायचं तिच्या जिवावर येत होतं.

सकाळी दहालाच मोठ्या टाकीतलं यीस्ट नासलं. सुपरवायझरकाकांनी कपाळावर हात मारला. "चार दिवसांची मेहनत पाण्यात! बघ गं, कोणता जंतू शिरलाय," म्हणत त्यांनी नमुन्याची बाटली तिच्या हातात कोंबली.

तिने बाटली टेबलावर ठेवली आणि थेट टाकीखाली शिरली. नळ्या चाचपल्या, व्हॉल्व्ह खोलले, कोपर सोलून घेतलं. दुपारी दोनला एका व्हॉल्व्हमधली रबरी चकती चिरलेली सापडली, जंतू शिरायची वाट हीच, तेव्हा तिला नाचावंसं वाटलं. मग ही चीर वाफेने पडली की जास्त आवळल्याने, यावर काकांशी तासभर हुज्जत. डबा तसाच राहिला.

साडेचारला बाबांचा फोन आला. तिने चकतीची कथा एका दमात सांगितली.

"ते असू दे. जंतू कोणता निघाला? लांबट की गोल?" बाबांना धीर धरवत नव्हता.

भिंगरीने टेबलाकडे पाहिलं. बाटलीचं झाकणही निघालं नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, मी बघितलंच नाही."

"वेळ नसेल मिळाला."

"वेळ होता." तिने नाक ओढलं. "बघावंसंच वाटलं नाही."



"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"मलाच आत्ता कळलं."

बाबा खाकरले. "पाचच्या आत कळलं, नशीब. मग रडतेस काय? भर तुझं ते एमटेक."

आणि फोन ठेवायच्या आधी त्यांनीही नाक ओढलेलं तिला स्पष्ट ऐकू आलं.